रफच्या उलट काय

मी ‘प्रेझेंट’ म्हणाले आणि त्या मुलीनं कागदावर फुली मारली. मारताना तिनं कागद जरा स्वतःकडे ओढून घेतला, मला दिसू नये म्हणून. पण एकतीस वर्षं मी टेबलाच्या या बाजूला बसून त्या बाजूचे कागद उलटे वाचलेले आहेत, आणि नाही वाचले तरी फुली कानांना कळते. बरोबरच्या खुणेला पेन एकदा टेकतं, फुलीला दोनदा. तिनं विचारलं होतं, ‘ओल्ड’च्या उलट काय. तिला हवं होतं ‘यंग’, नाहीतर ‘न्यू’. मी दिलं ‘प्रेझेंट’, आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. इंग्रजीत आधीच्या पत्त्यालाही ओल्डच म्हणतात, आणि त्याच्यासमोर उभा राहतो तो प्रेझेंट पत्ता. यावर आम्ही ऑफिसात अख्खा दीड दिवस भांडलो होतो. हे तिला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. पण सांगायचं म्हणजे वाक्य हवं, आणि वाक्य हल्ली माझ्याकडून होत नाही. आत डोक्यात सगळं जागच्या जागी आहे, कर्ता, कर्म, क्रियापद, वर एखादा टोमणासुद्धा. दाराशी आले की सगळे एकदम बाहेर पडायला बघतात आणि कुणीच पडत नाही. मोठ्या मुश्किलीनं एक शब्द निसटला. “पत्ता,” मी म्हणाले. “हो, पत्ता आहे आमच्याकडे, काकू,” ती गोड हसून म्हणाली, “भाच्यांनी लिहून दिलाय.”

भाचा माझ्या मागे, भिंतीला लागून ठेवलेल्या खुर्चीवर बसला होता. थोरल्या बहिणीचा मुलगा, आता पंचेचाळीसचा, डोक्यावरचे केस संपत आलेले. सात आठवड्यांपूर्वी एका सकाळी बाल्कनीत टॉवेल वाळत घालताना माझा उजवा हात मला विचारेनासा झाला, आणि शेजारच्या बाईला हाक मारायला गेले तर घशातून नुसतीच घरघर आली. हात परत आला, पायही आला. बोलणं मागे राहिलं. भाच्यानं मला दवाखान्यातून थेट त्याच्या घरी नेलं, आणि तिथे मी सात आठवडे आहे. आज निकाल होता. दवाखान्यात वाचा तपासणाऱ्या या मुलीचा कागद वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे जाणार आणि ते ठरवणार, बाई एकटी राहू शकते की नाही. हो म्हणाले तर मी माझ्या दोन खोल्यांत परत. नाही म्हणाले तर माझ्या खोल्या रिकाम्या करून सोडून द्यायच्या आणि भाच्याच्या घरी कायमचं राहायचं. दहा शब्द होते, सहा तरी बरोबर यायला हवेत. हे तिनं सुरुवातीला भाच्याला सांगितलं, मला नाही; वाचा गेलेल्या माणसाचे कानही गेले असं लोक का धरून चालतात कोण जाणे. शब्द इंग्रजी घेतले, कारण परत येताना माझ्याकडे इंग्रजीच आधी आलं. ते नोकरीचं होतं, वेळेवर यायची सवय असेल त्याला.

नऊ झाले होते. पाच बरोबर, चार चूक. ‘रिच’, ‘हॅपी’, ‘अर्ली’ असले शब्द सरळ सुटले, कारण त्यांना मेल्यांना एकच अर्थ. ज्यांना अनेक अर्थ तिथे माझं घोडं अडलं. ‘लाइट’ला मी ‘डीप’ दिलं: झोप सावध असते किंवा गाढ असते. ‘हार्ड’ला ‘माइल्ड’ दिलं, कारण हिवाळा. ‘ड्राय’ला ‘लाइव्हली’, कारण भाषण. चारही फुल्या. “मावशी, अगं सोपं सोपं सांग ना,” भाचा मागून कुजबुजला, “डोकं नको लावूस.” डोकं नको लावूस हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. बिचाऱ्याला काय माहीत, की माझ्या डोक्यात इंग्रजी विशेषणं शेवटापासून उघडतात. आमच्या कोशाच्या ऑफिसचा तो नियमच होता. विरुद्धार्थी शब्दांचा कोश. प्रत्येक शब्दाच्या प्रत्येक अर्थाला एक वेगळं कार्ड, आणि काम करायचं ते शेवटच्या अर्थाकडून पहिल्याकडे. पहिला अर्थ पोरासोरांनाही येतो, संपादक म्हणायचे, त्याच्यावर ताजं डोकं खर्च करू नका. सकाळी अवघड घ्या, चहानंतर सोपं. एकतीस वर्षं मी प्रत्येक शब्दात मागच्या दारानं शिरले. आता पुढचं दार सापडत नाही, त्यात नवल ते काय.

मुलीनं शेवटचं कार्ड वर धरलं. ‘रफ’. “काकू, आता शेवटचं हं. रफ. रफच्या उलट काय?” आणि मला, एवढ्या सगळ्यात, हसू आलं. तोंडाची उजवी बाजू अजून पुरती वर जात नाही, त्यामुळे माझं हसू हल्ली रडल्यासारखं दिसतं. तिनं घाईनं पाण्याचा पेला पुढे केला. तिला कसं कळणार, की एकतीसपैकी एकोणीस वर्षं माझं नावच रफ होतं. ऑफिसात आम्ही एका टेबलाला समोरासमोर बसायचो, मी आणि तो. मी पेन्सिलीनं कच्ची कार्डं करायची, खाडाखोड, बाण, कडेला शिव्या. तो तीच कार्डं शाईनं पक्की करायचा, आणि त्याचं अक्षर असं की छापखान्यातले लोक कार्डं परत द्यायला का-कू करायचे. म्हणून मी रफ आणि तो फेअर. शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे तेच म्हणायचे, आणि काही वर्षांनी आम्हीही म्हणायला लागलो. “अहो रफ, हा बाण कुठे चाललाय?” “जिथे जायचं तिथे जाईल, फेअर, तुम्ही त्याच्या मागे जा.” त्याची बायको फार लवकर गेली होती, मुलगी लग्न होऊन लांब होती. माझं लग्न राहून गेलं होतं. आम्ही एकमेकांना शेवटपर्यंत अहो-जाहोच करत राहिलो. मला तो आवडायचा. हे वाक्य मी तेव्हा मनातसुद्धा पूर्ण केलं नव्हतं. आता, बोलता येईनासं झाल्यावर, मनात खुशाल म्हणते.

“फेअर,” मी म्हणाले. रफ वही, फेअर वही. सहाव्या अर्थाचं सहावं कार्ड. शब्द किती स्वच्छ बाहेर आला. मुलीचं पेन कागदावर टेकता टेकता थांबलं. “फेअर म्हणजे गोरं ना, काकू?” तिनं अगदी हळुवार विचारलं, आणि भाच्याकडे बघितलं. भाच्यानं नक्कीच मान खाली घातली असणार, खुर्ची करकरली. मग ती मुलगी एक चांगली गोष्ट करून गेली, जी नियमात बसत नसावी. तिनं पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, “शेवटचंच आहे, आणखी एकदा करू. घाई नाही. ही भिंत बघा.” तिनं माझा उजवा हात उचलून भिंतीवर ठेवला. चुन्याचे बारीक खडे बोटांना लागले. या हातानं काही जाणवलं की मला अजून वाढदिवस असल्यासारखं होतं. “ही भिंत रफ आहे. आणि हे टेबल?” हात तिनं टेबलावर आणला, सनमायका थंडगार. “हे कसं आहे?” मला माहीत होतं तिला काय हवंय. पहिला अर्थ, पहिलं कार्ड, पोरासोरांचं. तो शब्द मला दिसत होता, त्याची अक्षरं मोजता आली असती, त्याचा आवाज तेवढा नव्हता. तिथे पोचायचा मला एकच रस्ता माहीत होता: सहाकडून एकाकडे, एकेक कार्ड उतरत.

पाचवं. रफ अंदाज, आणि त्याच्या उलट अगदी नेमका. आमच्याकडे नियम असा, की कार्डावरचं वाक्य आपण पाहिलेल्या गोष्टीचं हवं, ऐकीव चालायचं नाही. आणि त्याच वाक्यात उलट शब्द घातला तरी ते वाक्य खरं वाटायला हवं. पाचव्यासाठी मी लिहिलं होतं, मी साधारण पाचला निघते. त्यानं खाली लिहिलं, मी चार बावन्नला निघतो. निघायचाही. त्याच्याबरोबर जिना उतरायचा म्हणून मी कितीतरी वर्षं चार पन्नासलाच दप्तर आवरायला घेत असे, आणि चेहरा असा करत असे की आपलं सहजच. चौथं, आवाज. मी घोगऱ्या आवाजाच्या उलट ‘स्वीट’ लिहिलं, त्यानं कार्ड परत टाकलं. गोड आवाज लाडीगोडी लावणाऱ्याचा असतो, म्हणाला, हा शब्द त्या जागी बसत नाही. सर्दीनं त्याचा स्वतःचाच आवाज तेव्हा बसला होता. चार दिवस आम्ही तो शब्द शोधला, आणि चार दिवस तो मला बसक्या आवाजात शब्द वाचून दाखवत होता. बरा होऊ नये असं वाटत होतं मला, इतकी मी वाईट. तिसरं कार्ड आठवत नाही. खरंच आठवत नाही. धसमुसळेपणाचं काहीतरी होतं, कुणीतरी खण जोरात ओढल्याचं. त्या जागी नुसती पिवळट पोकळी आहे, आणि पहिल्यांदाच मला भीती वाटली, की बाहेरचं गेलं तसं आतलंही जाईल की काय. मी ते ओलांडून पुढे गेले.

दुसरं कार्ड समुद्राचं. खवळलेला समुद्र आणि त्याच्या उलट शांत. आता खवळलेला समुद्र आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता, आणि पाहिलेलं नसलं तर लिहायचं नाही. कुठल्याही शहाण्या ऑफिसात यावर दोन मिनिटांत मार्ग निघाला असता. आमचे संपादक म्हणाले, मग जाऊन बघून या. एका दिवसाची रजा नव्हे, एका दिवसाचं काम. अडीच तासांची बस, तो खिडकीशी, मी कडेला, मांडीवर कोऱ्या कार्डांचा डबा. पोचलो तर समुद्र इस्त्री केल्यासारखा पडलेला. वारा नाही, लाट नाही, एक म्हातारा जाळं दुरुस्त करत बसलेला. आम्ही बंधाऱ्यावर बसलो आणि वाट बघायला लागलो. “होईल,” तो म्हणाला, “दुपारनंतर होतो म्हणे.” दुपार झाली. डबे उघडून जेवलो, त्यानं माझ्यातलं थोडं घेतलं आणि त्याच्यातलं थोडं दिलं. मग बुटांतली वाळू काढायला त्यानं बूट उतरवले. पाय किती गोरेपान आणि ओळख नसलेले. ऑफिसात इतकी वर्षं मी या माणसाचे पाय पाहिले नव्हते. ऊन पाठीवर होतं. मी आपली मनातल्या मनात समुद्राची विनवणी करत होते, की बाबा रे, असाच राहा, खवळू नकोस, म्हणजे आम्हाला पुन्हा इथे यावं लागेल. समुद्रानं माझं ऐकलं. आम्ही अर्धंच कार्ड घेऊन परत आलो, शांत समुद्राचं. दुसऱ्या दिवशी संपादकांनी विचारलं, पुन्हा जाता का, आणि माझ्या तोंडून गेलं, “नको, कशाला, रेडिओवरच्या बातमीतलं घेऊ.” का म्हणाले? सगळे बघत होते म्हणून. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. रेडिओवरचं वाक्य त्यानं इतकं सुंदर लिहिलं, की मला ते कार्ड हातात धरवेना.

पुढच्याच वर्षी त्याच्या डोळ्यांचं सुरू झालं. अक्षराला कंप आला, ओळ वर चढायला लागली. मुलगी म्हणाली, बाबा, आता इकडे या. शेवटच्या आठवड्यात एकदा दुपारी, बाकीचे जेवायला गेलेले असताना, त्यानं पेन खाली ठेवून विचारलं, “तुमचं काय म्हणणं आहे? जाऊ का?” मी पेन्सिलीला टोक करत होते. मला म्हणायचं होतं, जाऊ नका, मी आहे, मी वाचून दाखवीन. पण असं कच्चं कसं बोलायचं. मी म्हणाले, “असं एकदम कसं सांगू? नीट विचार करून सांगते.” तो हसला. म्हणाला, “तुम्ही रफ सांगा हो, फेअर मी करून घेईन.” मी विचार करत राहिले, गुरुवारी तो गेला. पहिलं पत्र चार पानी आलं, वाकड्या ओळींचं, आणि त्यात मुलीच्या घरातल्या एकेका माणसाची टिंगल होती. दुसरं दोन पानी. तिसऱ्यात लिहिलं होतं, सगळे फार चांगले आहेत, मला काहीसुद्धा करू देत नाहीत. टेबल नाही, पण लागतं कुठे. चौथं पत्र त्याच्या मुलीच्या अक्षरात, तो सांगतोय आणि ती लिहितेय असं. त्यातली वाक्यं तिची होती. त्यानंतरचं पत्र तिचं एकटीचं होतं, काळ्या चौकटीतलं. मी तिला दोष देत नाही. तिनं त्याचं सगळं केलं, त्याचं बोलणंसुद्धा.

भाच्याच्या घरी सगळे तसेच चांगले आहेत, हीच तर पंचाईत. मी तोंड उघडलं की तिघं धावतात. “पाणी? पंखा? उशी देऊ?” मी आत एखाद्या शब्दाचं बोट धरून त्याला दारापर्यंत आणत असते, आणि हे आधीच ओळखून मोकळे होतात, मी मान हलवते, शब्द परत आत जाऊन झोपतो. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे तीस-चाळीस शब्द होते. आता मोजले तर कमी भरतील. माझ्या दोन खोल्यांत ओळखायला कुणी नाही. तिथे दूधवाल्याला दूध म्हणावंच लागेल, आणि त्याला कळेपर्यंत तो दारात उभा राहील. मी पडेन, अडेन, सगळं खरं आहे, मला वेड लागलेलं नाही. पण तिथे बोलणं माझं मलाच करावं लागेल. हे भाच्याला सांगायचं तर वाक्य हवं, वाक्य हवं असेल तर आधी ते घर हवं, आणि घर हवं तर या टेबलावरच्या थंडगार सनमायक्याला काय म्हणतात ते आता, या घडीला सांगायला हवं.

आणि आला. जिभेच्या टोकावर आला, मला त्याचा पहिला आवाज दातांमागे लागला, थोडा वारा, मग ओठ मिटायचे. मी ओठ मिटले. मुलगी पुढे वाकली. आणि मागून भाचा, प्रेमानं, अगदी जीव टांगणीला लागलेल्या आवाजात, हळूच म्हणाला, “स्मू… मावशी, स्मू…” शब्द गेला. पायरीवरून आल्या पावली परत गेला. मला इतका संताप आला की टेबलाची कड धरून मी उभी राहिले. “नको!” मी म्हणाले. आवाज असा फाटका आला की बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले असतील. मी वळून भाच्याकडे बघितलं. “तू… नको. सांगू. मी.” त्याचा चेहरा पडला. मुलीनं टोपण काढलेलं पेन तसंच धरलं होतं.

एक क्षण मला वाटलं, थांबावं, नीट लावून घ्यावं, मग बोलावं. मग म्हटलं, मसणात गेलं ते नीट. “घरी,” मी म्हणाले. “माझ्या. मी. एकटी.” प्रत्येक शब्द वेगळा उचलून त्याच्यासमोर ठेवावा लागत होता, मधे श्वास, मधे थुंकी गिळणं, कर्ता शेवटी नि क्रियापदाचा पत्ता नाही. “टेबल. माझं.” त्यानं ओळखायला तोंड उघडलं, मी बोट वर केलं, त्यानं मिटलं. खूप वेळ गेला असेल. मुलीनं घड्याळ बघितलं नाही. “तुम्ही… चांगले. फार. म्हणून… नको.” हे निघाल्यावर मला घाम फुटला होता, पण मी बसले नाही.

भाचा उठून माझ्यासमोर आला. त्याचे डोळे लाल झाले होते. “आणि पडलीस तर?” तो म्हणाला. त्याला खरंच भीती वाटत होती. बाल्कनीतला ओला टॉवेल त्यानंच उचलला होता.

“उठीन.”

“आणि नाही उठता आलं तर, मावशी? तेव्हा काय करशील?”

“ओरडेन.”

“काय ओरडशील? मागच्या वेळी तुला शेजारच्या काकूंना हाक मारता आली नाही. काय ओरडशील, सांग ना.”

सात आठवडे हा माझी उशी सारखी करत होता, मला जिना उतरवत होता, आणि सात आठवड्यांत मी त्याला एकदाही हाक मारू शकले नव्हते. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. लहानपणी तो इतका गोल होता की ठेवला तिथून घरंगळायचा, आणि मीच त्याचं ते नाव पाडलं होतं, आता त्याची बायकोसुद्धा घेत नाही असलं. मी ओठ मिटले, घसा आवळला, पहिलं अक्षर तीनदा चुकलं. त्यानं काही सुचवलं नाही, नुसता उभा राहिला.

“गुं… गुंड्या,” मी म्हणाले.

त्यानं तोंडावर हात ठेवला आणि खिडकीकडे वळला. मुलगी कागदावर काहीतरी लिहायला लागली, बऱ्याच ओळी, मला त्या उलट्या वाचता येत होत्या पण मी वाचल्या नाहीत. थोड्या वेळानं तो नाक पुसून माझ्याकडे वळला.

“मोठ्यानं ओरड मग,” तो म्हणाला.